शेवंतीच्या शेजारी

सामरवरणी, सिल्वासा
१४ सप्टेंबर

ती. वन्सं,
नमस्कार.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि ते कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं म्हणून तुम्ही कपाटात ठेवून दिलंय. म्हणून हा कागद. शेजारच्या मुलीला फोन करून निरोप दे, असं सांगितलं होतंत, पण सगळ्याच गोष्टी शेजारच्या मुलीला कशाला कळायला हव्यात? शिवाय नणंदेशी भांडायचं झालं तर मधे माणूस नको.

विषय फुलांचा आहे. खरंच फुलांचा आहे, हसू नका.

जूनमध्ये परागने तुमच्याकडून शेवंतीची रोपं आणली होती ना, ती पांढरी, मधे पिवळट? गेटपासून व्हरांड्यापर्यंत भिंतीच्या कडेने त्यानेच लावली. शेंडे खुडायलासुद्धा मला हात लावू दिला नाही. आता ती चांगली गुडघ्याएवढी झालीत, आणि लावणारा गायब. गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी गेला तो गेलाच. ह्यांनी शब्द टाकून कंपनीत लावून दिलेली नोकरी त्याने परस्पर सोडली, आणि ते ह्यांना कळलं कँटीनमध्ये, चार माणसांत. त्या संध्याकाळचं तुम्हाला मी कळवलंच होतं. "बाहेर पाऊल टाकलंस तर परत येऊ नकोस," हे म्हणाले, आणि कार्ट्याने बापाचं एवढं एकच तंतोतंत ऐकलं. दुसऱ्या दिवशी मेसेज आला, 'मी ठीक आहे, शोधू नका.' मग फोन बंद.

गणपती त्याच्याशिवाय आले आणि त्याच्याशिवाय गेले. आरतीला ह्यांचा आवाज लागेना. घरात सध्या टीव्हीच काय तो बोलतो.

तर शेवंती. ओळीने उभी आहे, पण पायाशी नुसती माती, अगदी पोरकी दिसते. शेजारी काहीतरी लावायला हवं. खानवेल रस्त्यावरचा नर्सरीवाला म्हणतो, "बेन, सेवंती साथे गलगोटा ज चाले." म्हणजे आपला झेंडू. मला झिनिया आवडतो. कॉसमॉसही आवडतो. तुम्ही सांगा, आणि लवकर सांगा. मला हात स्वस्थ ठेवता येत नाहीत. बसले की उठावंसं वाटतं, उठले की गेटपर्यंत जाऊन परत येते.

तो तुमच्याकडे आला तर नाही ना? ऑगस्टमध्ये नाही म्हणाला होतात. तरी विचारते.

तुमची,
वर्षा

·

मखमलाबाद, नाशिक
२३ सप्टेंबर

चि. सौ. वर्षास,
आशीर्वाद.

तुझ्या ओळी वर वर चढत गेल्यात. शाळेत ज्या मुलांचं चित्त थाऱ्यावर नसायचं त्यांच्या वह्या अशाच असायच्या. मी त्यांना छडी मारत नसे, पाणी पिऊन ये म्हणत असे. तूही पाणी पी आणि मग पुढचं वाच.

पराग इकडे आलेला नाही. आला तर कान धरून तुझ्यापुढे उभा करीन.

कॉसमॉसचं नाव काढू नकोस. तो ताडमाड वाढतो, वाऱ्याने शेवंतीच्या अंगावर पडतो. झिनियाही उंच जातीचा नको. शेवंतीची खोड अशी की फुलायच्या सुमाराला तिची खालची पानं वाळतात आणि पाय उघडे पडतात. म्हणून तिच्या पुढ्यात काहीतरी ठेंगणं, भरगच्च हवं. तिच्याहून जास्त तहानलेलं मात्र नको, नाहीतर तू त्याला पाणी घालत बसशील आणि इकडे शेवंतीची मुळं कुजतील. ठेंगणा झेंडू चालेल. नर्सरीवाला अगदीच वेडा नाही. मला विचारशील तर जांभळा ॲस्टर. पांढरीशेजारी तो फार सुरेख दिसतो. रोपं नवरात्राच्या आसपास मिळतील.

शेंडे खुडणं आता बंद. आणि एकदा लावलंस की हात मागे घ्यायचे. मुळं धरायला वेळ लागतो, आपल्याला घाई असली तरी.

श्रीधरची फार काळजी करू नकोस. लहानपणी तो रुसला की जेवायचा नाही, पण ताटही उचलू द्यायचा नाही. तासन् तास समोर घेऊन बसायचा. आई म्हणायची, याचा राग पोटात जात नाही आणि पानातूनही उठत नाही. अजून तसाच असेल.

विजयाताई

·

सामरवरणी
५ ऑक्टोबर

ती. वन्सं,

रागावू नका. आधीच सांगते, रागावू नका.

झेंडू लावला. चार दिवस बरा दिसला. मग वाटलं, फारच केशरी आहे, शेवंती फुलली तरी कोणी तिच्याकडे बघायचं नाही. काढला आणि मागच्या बाजूला नेला. साल्व्हिया आणला, लाल. तो लावला त्या दिवशी संध्याकाळी गेटजवळ कोणीतरी थांबलं, मला वाटलं परागच, धावत गेले तर कुरियरवाला, पत्ता चुकलेला. परत आले आणि तो लाल रंग बघून डोकंच उठलं. अर्धा साल्व्हिया उपटला. मग कोंबडा आणला, तुऱ्यासारख्या फुलांचा. तो शेवंतीपुढे इतका शिष्ट दिसतो की काय सांगू. तोही हलवला. ॲस्टर नर्सरीत अजून आलेला नाही. रोज जाऊन विचारते, तर तो माणूस आता मला बघून आतच जातो.

आमची तानूबाई धुणंभांडी करून जाताना थांबली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बाई, कसाले उपाडी ऱ्हायनी व रोज रोज?" तिचं गाव शिरपूरकडे, नवरा मसाटच्या कारखान्यात. मी म्हटलं, जमत नाही म्हणून उपटतेय गं. तर म्हणे, तुम्हाला नाही जमत, झाडांना जमतंय.

पण खरी काळजी वेगळीच आहे. शेवंतीला कळीच नाही. तुमच्याकडे दसऱ्याला कळ्या टपोऱ्या असतात ना? इथे नुसता पाला. हिरवीगार, धष्टपुष्ट, आणि कळी म्हणून औषधाला नाही. मी रोज सकाळी चष्मा लावून शेंडे बघते. तो आला आणि हिला फूल नसलं तर?

तो येईल असं मी धरूनच चाललेय, हे लिहिल्यावर कळलं. ह्यांच्यासमोर त्याचं नाव घ्यायची सोय नाही. परवा ताट वाढताना सवयीने तीन घेतली. हे बघत राहिले. म्हणाले, "एक कमी कर." आणि स्वतः अर्धवट जेवून उठले. मला इतका राग आला ह्यांचा, वन्सं, इतका आला! आणि मग कीवही आली. दोन्ही एकदम आलं की माणसाने काय करावं? मी जाऊन कोंबडा परत पहिल्या जागी लावला.

वर्षा

·

मखमलाबाद
१५ ऑक्टोबर

चि. सौ. वर्षास,
दसऱ्याचे आशीर्वाद. सोनं पाकिटात घातलंय, आपट्याची पानं वाळून चुरा झाली असतील तर चुरा घे.

अगं, ती रोपं आहेत, फर्निचर नाही! आज इथे, उद्या तिथे! तू तुझ्या लग्नात आणलेलं ते कपाट आठवतं का, दर दिवाळीला भिंत बदलायचं? कपाटाला मुळं नसतात म्हणून निभावलं.

कळीचं म्हणशील तर मला वाटतं तू खत फार घातलंयस. धष्टपुष्ट पाला आणि फूल नाही, म्हणजे खाणं जास्त झालं. शेणखत बंद, पाणी कमी. शेवंतीला थोडं उपाशी ठेवलं की तिला फुलायची आठवण होते. ॲस्टर मिळाला की लाव, नाहीतर झेंडू परत आण. आणि तो कोंबडा आहे तिथे राहू दे बिचारा.

माझं बरं आहे. गुडघा बोलतो अधूनमधून. पण यंदा जाईचा मांडव छपरापर्यंत नीट बांधून झाला. कितीतरी वर्षं लोंबत होता. माळ्यावरचे डबेही खाली निघाले. दुपारच्या चहाला हल्ली ताजी खारी असते, कधी नानखटाई. वेलची घातलेली, अगदी तोंडात विरघळणारी. म्हातारपणी चैन चालली आहे म्हण.

परागची काळजी करू नकोस. तरणाताठा पोरगा आहे, कुठेतरी खाऊनपिऊन बरा असेल. मी सांगते ना.

विजयाताई

·

सामरवरणी
२१ ऑक्टोबर

वन्सं,

तुम्हाला साखर आहे. गेल्या वर्षी माझ्या हातचा लाडू तुम्ही बशीसकट परत केला होतात. मग नानखटाई कोण खातं?

तुमचा गुडघा धड वाकत नाही. छपरापर्यंत मांडव कोणी बांधला? माळ्यावर कोण चढलं? दोन वर्षं तुम्ही त्या डब्यांसाठी माणूस शोधत होतात.

आणि मागच्या पत्रात 'आलेला नाही' असं स्वच्छ लिहिणाऱ्या तुम्ही, या वेळी 'खाऊनपिऊन बरा असेल, मी सांगते ना' असं लिहिता?

पराग तुमच्याकडे आहे. हो की नाही, एवढंच लिहा. तुम्ही आयुष्यभर मुलांच्या खोट्या चिठ्ठ्या पकडल्यात, पण तुम्हाला स्वतःला खोटं लिहिता येत नाही, बरं का!

पत्र वाचून मी इतकी सैरभैर झालेय की दोनदा चहा उतू गेला. तुमच्यावर चिडू की तुमचे पाय धरू, कळत नाही. ह्यांना काही बोलले नाही. आधी तुमचं उत्तर येऊ दे.

तुम्ही म्हणालात म्हणून खत बंद केलं, पाणी कमी केलं. कळी नाही. ॲस्टर मिळाला आणि लावला, तो मात्र फुललासुद्धा. पुढे परत आणलेला झेंडू फुलला. कोंबडा तर काय, मिरवतोय. शेजारीपाजारी सगळे फुलले आणि हीच तेवढी हटून बसली आहे. आणखी एक कटकट म्हणजे किडे. रोज सकाळी वाफ्यात आणि पायरीवर पंखांचा सडा पडलेला असतो, तानूबाई केरसुणीने गोळा करते आणि मला बोलते. किडीमुळे कळी खुडली जात असेल का?

लवकर लिहा. फुलांचं नाही लिहिलंत तरी चालेल.

वर्षा

·

मखमलाबाद
२७ ऑक्टोबर

चि. सौ. वर्षास,

हो.

पितृपक्षात आबांच्या तिथीला कावळ्याचं पान ठेवायला गच्चीवर गेले आणि खाली फाटकात हा उभा. आधी मित्राकडे वापीला होता, मग इकडे एका खोलीत चौघांबरोबर. अंगात ताप होता. मी काही विचारायच्या आत म्हणाला, "आत्या, घरी कळवणार असलीस तर मी असाच परत जातो." ऐकू आलं नाही मला, ओठांवरून कळलं. मग पाटीवर लिहून माझ्याकडून शपथ घेतली. काय करणार होते मी? जाऊ दिलं असतं तर आज तुला 'नाही' असं खरंखरं लिहिलं असतं. ते बरं झालं असतं का?

त्याने बेकरीत काम धरलंय. पहाटे जातो, पाव भाजतो, दुपारी पिठाने माखून येतो. मालक म्हणतो हात चांगला आहे. मला त्याने सांगितलं की कंपनीत असतानाही तो सुट्टीच्या दिवशी एका बेकरीत जाऊन उभा राहायचा. तुम्हाला दोघांना पत्ता नव्हता. श्रीधर ऐकून घेणार नाही, म्हणून त्याने सांगितलंच नाही. तिथे तो चुकला, हे मी त्याला सांगितलंय. पाटीवर मोठ्या अक्षरात.

आता नीट वाच. मी त्याला म्हटलं, दिवाळीला घरी जा. तर त्याने पाटीवर लिहिलं, "आई कधीही बोलवेल. तिचं सोड. घालवलं बाबांनी. त्यांनी बोलावलं तर जाईन." त्याखाली त्याने दोन रेघा मारल्या. म्हणून तू लगेच इकडे धावत येऊ नकोस. तू आलीस तर तो तुझ्याबरोबर येणार नाही, आणि मग दोघांच्या मधे तुझीच ओढाताण होईल. श्रीधरलाही सांगू नकोस. तू आपणहून ओळखलंस म्हणून 'हो' म्हटलं, त्याच्यापुरती मी अजून शपथेत आहे.

आता शेवंती. खताचं मी चुकीचं सांगितलं. तुझे किडे वाचले आणि डोक्यात उजेड पडला. कीड कळ्या खाते, पण तुझ्याकडे तर पंखवाले किडे, आणि तेही पायरीवर मरून पडलेले. म्हणजे रात्रभर वर दिवा जळतोय. जळतोय ना? आमच्या मागचा नवनाथ पॉलीहाऊसमध्ये शेवंतीवर मुद्दाम रात्री दिवे लावतो, लग्नसराईपर्यंत फूल लांबवायला. शेवंतीला रात्र मोठी आणि काळोखी मिळाली तरच ती कळी धरते. उजेड असला की तिला वाटतं दिवस संपलाच नाही. झेंडूचं, ॲस्टरचं तसं इतकं अडत नाही. तुझे शेजारी फुलले आणि ती नाही, त्याचं कारण हे.

दिवा कशासाठी, ते विचारत नाही. मला कळलं. आता बंद कर. पोरगा सुखरूप आहे, माझ्या छपराखाली आहे.

विजयाताई

·

सामरवरणी
९ नोव्हेंबर

ती. वन्सं,

तुमचं पत्र दिवाळीच्या सुट्ट्यांत अडकून भाऊबीज झाल्यावर मिळालं. पत्र घेऊन मी देवापुढे बसले आणि पोटभर रडले. मग उठून तुम्हाला पोटभर शिव्या दिल्या. मग करंज्यांचा डबा काढला, त्याच्यासाठी वेगळ्या ठेवल्या होत्या. उद्या पार्सल करते. चुरा झाल्या तरी चुरा खा म्हणावं.

हो, दिवा मीच ठेवत होते. तुम्हाला लिहिलं नव्हतं, वेडी म्हणाल म्हणून. आमच्या गल्लीत सगळी शिफ्टवाली घरं. इथली रीतच आहे, घरातलं माणूस शिफ्टला असलं की बाहेरचा दिवा चालू, आणि जो शेवटी घरी येईल त्यानेच तो बंद करायचा. दिवा विझलेला दिसला की शेजाऱ्यांनाही कळतं, या घरातले सगळे आत आले. परागची दुसरी शिफ्ट असायची, बटण दाबल्याचा टक् आवाज आला की मग मला झोप लागायची. तो गेल्यावर बंद कोण करणार? मी केला असता तर 'सगळे आले' असं झालं असतं. सकाळी दूध घ्यायला गेले की तेवढा बंद करायचे.

तर तुमचं पत्र आल्यावर रात्री मी बंद केला. आता तो बाहेर नाही, वन्संकडे आहे, असं स्वतःला बजावून केला. सकाळी उठले तर दिवा चालू. म्हटलं, विसरले असेन. दुसऱ्या रात्री आठवणीने बंद केला. सकाळी चालू! तानूबाईला विचारलं, ती माझ्याकडे अशी बघायला लागली की विषय बदलला. मग मी बटणावर चिकटपट्टी लावली. सकाळी चिकटपट्टी कचऱ्याच्या डब्यात आणि दिवा चालू.

घरात माणसं दोनच, वन्सं.

चहा ठेवता ठेवता विचारलं, "बाहेरचा दिवा तुम्ही लावता का?" हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "कॉलनीत चोऱ्या होतायत." म्हटलं, कुठे? म्हणाले, "होतात." मी म्हटलं, "शेवंतीला कळी धरायला अंधार लागतो. दिवा असाच राहिला तर फुलं येणार नाहीत." ह्यांनी पेपराची घडी घातली. परत उलगडली. परत घातली. आणि म्हणाले, "मग नको फुलं."

एवढंच. इतके दिवस मला वाटत होतं दगडाशी संसार करतेय. मी एकटी दिवा ठेवतेय आणि हा माणूस मजेत घोरतोय. आणि हे रोज माझ्यामागून उठून बघून येत होते, आहे ना चालू म्हणून. तुम्ही ताटाचं लिहिलं होतंत ना? तसंच. जेवायचं नाही आणि उचलूही द्यायचं नाही.

मग माझ्याने राहवेना. तुमची शपथ मोडली. माफ करा किंवा करू नका, मोडली. सांगितलं की तो ताईंकडे आहे, पाव भाजतो, आणि तुम्ही बोलावलंत तरच येणार म्हणतो. ह्यांनी पेपर खाली ठेवला. मला वाटलं आता ओरडतील. विचारलं काय, तर "जेवतो का नीट?" आणि डबा न घेताच कामावर गेले.

काल संध्याकाळपासून टेबलापाशी बसलेत. पेन मागितलं, मग दुसरं मागितलं, पहिलं चालत नाही म्हणून. कागद फाडतायत आणि कपाळ चोळतायत. मी आतबाहेर करतेय. बागेतही जाववत नाही. काय लिहितायत कोणास ठाऊक. परत काहीतरी कडू लिहितील, मग मात्र संपलं.

वर्षा

·

सिल्वासा
१० नोव्हेंबर

चि. पराग,
आशीर्वाद.

पत्र लिहायची सवय नाही. रिपोर्ट लिहितो तेवढेच.

नोकरीबद्दल तू आधी मला सांगायला हवं होतंस. हे माझं म्हणणं आहे आणि ते राहील. पण मी जे म्हणालो ते बापाने म्हणायचं नव्हतं. तू बाहेर पडलास त्यानंतर मी गेटपर्यंत आलो होतो. तू वळणावरून दिसेनासा झाला होतास. हाक मारायला हवी होती. मारली नाही.

बेकरीचं कळलं. भट्टी डिझेलची की लाकडाची, ते कळव. पिठाच्या धुरळ्यात तोंडाला फडकं बांधत जा.

तू लावलेल्या शेवंतीला कळी नाही. तुझी आई आणि आत्या दोघी म्हणतात की रात्री अंधार लागतो, दिवा बंद करा. आपल्या घरी दिवा शेवटी येणाऱ्याने बंद करायचा, असं ठरलेलं आहे. मी तो बंद करणार नाही. ते तुझं काम आहे. ये आणि कर.

बाबा

·

मखमलाबाद
१७ नोव्हेंबर

चि. सौ. वर्षास,

शपथ मोडलीस, छान केलंस. मला मोडता आली नसती.

श्रीधरचं पत्र पोचलं. पराग बेकरीतून आला, हात न धुताच फोडलं, दारात उभ्याउभ्या वाचलं. मग परत वाचलं. घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलं, वर पिठाची बोटं उमटली. मी पाटी पुढे केली, काय लिहिलंय म्हणून. त्याने पाटी बाजूला ठेवली आणि जाऊन जाईला पाणी घालत बसला. सकाळीच घातलेलं होतं.

यापुढचं मला माहीत नाही. विचारायचं नाही असं मी ठरवलंय, आणि तूही पत्रावर पत्र पाठवू नकोस. आणि काही उपटू नकोस!

विजयाताई

·

सामरवरणी
२० डिसेंबर

ती. वन्सं,
नमस्कार.

परागने तुम्हाला सांगितलं असेलच. पण तो काय सांगणार? 'गेलो, जेवलो, आलो.' म्हणून नीट सगळं मी लिहिते. उशीर झाला, कारण या वेळी लिहायची घाईच वाटेना.

तुमचं पत्र आलं आणि त्यानंतरचे दिवस मी कसे काढले, माझं मला माहीत. बागेत जायचे, हात मागे बांधून उभी राहायचे आणि परत यायचे. खरंच काही उपटलं नाही. दिवा तर आता दिवसाही जळत होता. मी सकाळी बंद करायला गेले की हे म्हणायचे, "राहू दे." मी म्हटलं, अहो, उन्हात कशाला? तर म्हणे, "मी त्याला लिहिलंय." तानूबाई एकदा बंद करायला गेली तर तिलाही ओरडले. ती मला स्वयंपाकघरात येऊन हळूच विचारते, साहेबांना बरं नाही का?

नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी भर दुपारी गेट वाजलं. मी उठले नाही. कुरियरवाल्यासाठी किती वेळा धावायचं? आणि मग ओळखीची चप्पल, बूट नव्हे, चप्पल, फरशीवर घासत आली. खिडकीतून पाहिलं. वाळलाय हो. दाढी वाढवलीय, हातात पुठ्ठ्याचा खोका. पायरी चढला, वर दिव्याकडे बघितलं. ऊन असं होतं की दिवा लागलाय हे दिसतसुद्धा नव्हतं. चप्पल न काढता, मला हाक न मारता, त्याने हात लांब केला आणि बटण दाबलं. टक्.

आतल्या खोलीतून हे बाहेर आले. त्यांनाही तो आवाज ऐकू गेला होता.

"आलास?"

"आलो."

बापलेकांचं एवढंच. मी मात्र रडले, ओरडले, त्याच्या पाठीत धपाटा घातला, तो सगळा कार्यक्रम केला. खोक्यात पाव होता, त्याने भाजलेला. ह्यांनी एक तोडून वास घेतला, आतली जाळी निरखून पाहिली, जसे कंपनीत माल तपासतात तसे. "फुगलाय बरोबर," म्हणाले. एवढं बोलून आणखी दोन खाल्ले.

मग पराग बागेत गेला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "आई, शेवंतीच्या शेजारी हे काय लावलंयस? नर्सरी काढलीस का?" खरंच, वन्सं, तुम्ही बघायला हवं होतंत. इथे झेंडू, तिथे अर्धा साल्व्हिया, मधे ॲस्टर, आणि कोंबडा जिथे मी त्याला रागात परत लावला होता तिथे. काही एका ओळीत नाही. मी म्हटलं, तू नव्हतास तेव्हा यांनीच सोबत केली, आता एकालाही हलवायचं नाही. तो हसला. खाली बसून सगळ्यांची माती सारखी केली.

रात्री जेवता जेवता हे सवयीने उठले आणि दाराकडे निघाले. पराग ताटावरून मान वर न करता म्हणाला, "बाबा, मी घरात आहे." हे बटणाशी तसेच थांबले. मग येऊन बसले आणि म्हणाले, भात वाढ थोडा.

दोन दिवस राहून तो परत गेला. बेकरी सोडणार नाही म्हणाला, आणि हे नाही म्हणाले नाहीत. फक्त म्हणाले, त्या भट्टीच्या चिमणीचं मी एकदा येऊन बघतो. तेव्हा आता तयारीत राहा, तुमचे बंधुराज नाशकात येऊन बेकरीवाल्याचं डोकं खाणार.

आणि ऐका. काल सकाळी चष्मा लावून शेंडे बघितले. हिरवे, बारीक, मोहरीएवढे मणी. सगळ्या रोपांवर. मी हाक मारली तर हे दाढीचा साबण तसाच ठेवून आले आणि वाकून बघत राहिले. फुलायला संक्रांत उजाडेल, नाही का?

परागला बसमध्ये बसवून आलो त्या संध्याकाळी माझाच हात परत बटणाकडे गेला. आपोआप गेला, काय करू? हे मागून म्हणाले, "असू दे आता. तो बाहेर कुठे आहे? नाशकात आहे."

आम्ही अंधारातच पायरीवर बसून चहा घेतला.

तुमची,
वर्षा